बर्फ पांढरा असतो, हे कॅमेऱ्याला कोण सांगणार?

मागच्या जानेवारीत माझी एक मैत्रीण स्पितीला गेली होती. तिथून तिने जुन्या कॅमेऱ्याने काढलेला एक फोटो पाठवला. बर्फाचा मोठा उतार आणि त्यावर बसलेले पिवळ्या चोचीचे चार पहाडी कावळे. रविवारी जलरंग घेऊन बसायची मला सवय आहे. फोटो समोर ठेवला आणि जसा दिसतो तसा रंगवला. कावळे बरे जमले, बर्फ मात्र चुलीतल्या राखेसारखा झाला. आईने बघून विचारलं, "कचरा जाळलाय तिथे बसलेत का हे?"

राग आला, पण फोटो पुन्हा नीट पाहिला तेव्हा कळलं की बर्फ फोटोतच राखाडी होता. माझ्या डोक्याने तो पांढरा धरून टाकला होता. हात बिचारा प्रामाणिकपणे समोरचा रंग उतरवत होता.

असं का होतं? कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही. आत येणारा प्रकाश मोजून तो सरासरी दृश्य मध्यम राखाडी असणार असं गृहीत धरतो. झाडं, माणसं, रस्ते असतील तर हे चालून जातं. ताजा बर्फ मात्र पडलेल्या प्रकाशातला ८० ते ९० टक्के परत फेकतो. कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळंच अंधारं करतो. त्यात सावलीतल्या बर्फावर थेट ऊन नसतं, निळ्या आकाशाचा उजेड असतो, म्हणून ती सावली खरोखरच निळसर असते. फोटोतला कुठला रंग पक्ष्याचा, कुठला बर्फाचा आणि कुठला यंत्राच्या गैरसमजाचा, हे नुसतं बघून सांगता येत नाही.

हे सगळं रविवारच्या छंदापुरतं असतं तर मी इथे लिहिलं नसतं. तुमच्यापैकी काहींना माहीत आहे की पीएचडीसाठी मी पक्ष्यांच्या पिसांवरून परतणारा प्रकाश मोजतो. संग्रहालयातल्या कातड्यांचे रंग काळानुसार बदलतात, म्हणून जुन्या जलरंगचित्रांवरून मूळ रंग ताडून बघायचा, अशी माझ्या प्रबंधातल्या चौथ्या प्रकरणाची कल्पना होती. राखाडी बर्फाची गोष्ट मी हसत हसत गाइडना सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग त्या जुन्या चित्रकारांच्या समोर काय होतं, ते आधी शोध." माझं चौथं प्रकरण त्या एका वाक्यावर अडलं.

तर, त्यांच्यासमोर काय होतं? बराच काळ, मेलेला पक्षी. ऑडुबॉनने 'बर्ड्स ऑफ अमेरिका'साठी (१८२७ ते १८३८) पक्षी मारून, तारेने हव्या त्या पवित्र्यात बांधून, मागे चौकटी आखलेला फळा ठेवून जलरंगात चित्रं काढली. फोटो आले तरी पक्षी लगेच त्यात आले नाहीत. रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांचं, सगळी चित्रं म्हणजे फोटोच असलेलं पक्ष्यांवरचं पुस्तक १८९५ साली आलं, तेही घरट्यांचं! घरटं हलत नाही ना.

कधी कधी चित्रकारासमोर पक्ष्याआधी सिद्धांत असायचा. अमेरिकन चित्रकार अ‍ॅबट थेयरने 'ब्लू जे' हा निळा पक्षी बर्फाच्या निळ्या सावल्यांत बसवून दाखवला, कारण त्याचा निळा रंग लपण्यासाठीच आहे हे त्याला सिद्ध करायचं होतं. १९०९ साली त्याच्या सिद्धांताचं पुस्तक निघालं. बर्फावर निळी सावली पडते हे त्याने अचूक पाहिलं होतं. पण त्यावरून सगळेच पक्षी लपायला रंगलेत असं म्हटल्यावर थिओडोर रूझवेल्टने १९११ साली त्याची लांबलचक हजेरी घेतली. थेयरचा निळा मी माझ्या तक्त्यात घेऊ शकत नाही, हे उघड आहे.

मग मी चार्ल्स टनिक्लिफ यांच्याकडे वळलो, आणि इथे जरा थांबणार आहे.

टनिक्लिफ (१९०१ ते १९७९) इंग्लंडमधल्या चेशर परगण्यात शेतकऱ्याच्या घरात वाढले. १९४७ पासून ते वेल्सच्या किनाऱ्यालगतच्या अँगलसी बेटावर, मालट्रेथ गावात खाडीकाठी राहिले. इंग्रजी माध्यमातल्या काहींनी लेडीबर्डची छोटी पुस्तकं वाचली असतील. त्यातलं हिवाळ्यावरचं 'व्हॉट टू लुक फॉर इन विंटर' (१९५९) यांच्याच चित्रांचं आहे. डावीकडे मजकूर, उजवीकडे पानभर चित्र. त्यांनी ही चित्रं फोटोवरून काढली असतील का? मी एक साधा हिशोब केला. त्या काळच्या कोडाक्रोम रंगीत फिल्मचा वेग होता १० एएसए. ढगाळ दिवशी, एफ ५.६ छिद्र ठेवून, साधारण एक दशांश सेकंद झडप उघडी ठेवावी लागेल. तेवढ्या वेळात टिटवी अर्धा पंख हलवून मोकळी होते.

त्यांची पद्धत वेगळी होती. कोणाला रस्त्यावर, कुंपणापाशी, किनाऱ्यावर मेलेला पक्षी सापडला की तो टनिक्लिफ यांच्याकडे यायचा. ते त्याचं मोजून, जिवंत पक्ष्याच्या मापाचं चित्र काढायचे: पंख पसरून, वरून, खालून, एकेक पीस, शेजारी मापं आणि तारीख. घाईही असायची, कारण मेल्यावर डोळ्यांचा, चोचीचा, पायांचा रंग लवकर उतरतो. जिवंत पक्ष्याचं बसणं, पंख फुगवून थंडी अडवणं, वाऱ्याकडे तोंड करून उभं राहणं, हे सगळं वेगळ्या वह्यांत, बाहेर बघून टिपलेलं. मोजलेली चित्रं हे त्यांच्या कामाचं हत्यार होतं. १९७४ साली रॉयल अकॅडमीने त्यांचं प्रदर्शन भरवलं तेव्हा ती लोकांनी पाहिली. आता तो संग्रह अँगलसीतल्याच ओरिएल इनिस मॉन या संग्रहालयात आहे.

म्हणजे त्यांच्या हिवाळी चित्रात दोन साक्षीदार आहेत. पिसांची मांडणी मेलेल्या पक्ष्याची, ठेवण जिवंत पक्ष्याची. उजेड मात्र कुठल्याच कागदावर मोजलेला नाही. एरवी पक्ष्याचं पोट सावलीत असतं. बर्फावर उभ्या पक्ष्याच्या पोटावर खालून प्रकाश येतो, आणि कुरवाचं पोट पाठीपेक्षा झगझगीत दिसू शकतं. टेबलावरचा मेलेला पक्षी हे सांगणार नाही. ते आठवणीतून, डोळ्यांतून येतं. चित्रात ते खरं वाटतं, पण माझ्या वर्णपटमापीच्या आकड्याशेजारी ते मांडता येत नाही.

या शोधात एक गोष्ट हाती लागली आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. पांढऱ्या पिसात पांढरा रंग नसतोच. केराटिन जवळपास पारदर्शक असतं, त्याच्या आणि आतल्या हवेच्या सीमांवर प्रकाश सगळीकडे विखुरतो. बर्फाचंही तेच: कण पारदर्शक, मध्ये हवा. आणि जलरंगाच्या कागदाचंही तेच: धागे आणि हवा. पारदर्शक जलरंगात पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडतात, हे आपण शाळेत शिकतो. पण तो कोरा कागद, बर्फ आणि पीस तिघंही एकाच कारणाने पांढरे असतात, हे मला एमएस्सी होऊन चार वर्षांनी कळलं.

चौथ्या प्रकरणाचं काय झालं? रंगाचा तक्ता मी काढून टाकला. आठ महिन्यांचं काम होतं, वाईट वाटलं. जुनी चित्रं आता मी पिसांची मांडणी आणि पट्ट्यांची रुंदी यांसाठीच वापरणार, तीही मोजून काढलेली असतील तरच. गाइडनी मान डोलावली, आणि त्यांच्याकडून तेवढं म्हणजे पुष्कळ झालं.

स्पितीचे कावळे मी परत काढले. या वेळी फोटोवरून घेतले फक्त कावळे. उतारासाठी ब्रश लावलाच नाही, फक्त कावळ्यांच्या पायाशी फिकट निळ्याचा एक हात दिला. आई म्हणाली, "अजून रंगवायचं राहिलंय ना?"