तबकडीवरचा अभंग आणि जात्यावरची ओवी



वारीत मुक्काम पडला, हरिपाठ झाला, भाकरी पोटात गेली, की राहुटीत गाण्याचा विषय निघतो, हे तुम्हीही पाहिले असेल. पाऊस, पेरणी आणि पायाचे फोड यांवर बोलून झालेले असते. मग एक जण म्हणतो, आमच्या आजोबांकडे चावीचा फोनो होता, त्यावर या अभंगाची तबकडी लागायची, तशी चाल आता ऐकायला मिळत नाही. दुसरा म्हणतो, छे, खरी चाल भीमसेनअण्णांची. तिसरी एखादी म्हातारी असते, ती म्हणते, आमच्या गावाला हा अभंग असा म्हणतच नाहीत. वाद रंगतो, आणि असे वाद मला फार आवडतात. पण अलीकडे एक गोष्ट होते. कोणीतरी मोबाईल काढतो, जुनी रेकॉर्ड लावतो आणि म्हणतो, “ही घ्या मूळ चाल.” तिथे बोलणे संपते. म्हातारीही गप्प होते.

तिचे ते गप्प होणे मला खटकते. रेकॉर्ड म्हणजे ‘मूळ’ हे आपण कधीपासून मानू लागलो? आज त्याचाच थोडा इतिहास सांगतो.

आपल्या देशात व्यापारासाठी गाणी तबकडीवर उतरू लागली ती १९०२ सालापासून. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग यंत्र घेऊन कलकत्त्याला आला आणि गौहरजान यांच्यासारख्या गायिकांची गाणी त्याने घेतली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून खणखणीत आवाजात गायचे. त्या आवाजाने सुई थरथरायची आणि मेणावर रेघ उमटायची. ते मेण जहाजाने जर्मनीतल्या हानोव्हरला जाई आणि तबकड्या होऊन परत येई. १९०८ साली कलकत्त्यातच, सियालदाला, तबकड्यांचा कारखाना निघाला. तबकडीतला माल बांधून ठेवणारी वस्तू कोणती, तर लाख. आपल्याच रानातल्या झाडांवर किड्यांनी केलेली. लाक्षागृहाची कथा आयुष्यभर सांगितलेल्या माझ्यासारख्या माणसाला याची गंमत वाटते. ज्या लाखेत पांडवांना जाळायचा बेत होता, तिनेच पुढे शंभर वर्षे माणसांचे आवाज सांभाळले.

पण लाखेच्या तबकडीवर जागा थोडी. ती मिनिटाला ७८ फेरे घेई आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. आता तुम्ही फडावरचे भजन डोळ्यांपुढे आणा. विणेकरी चाल सोडतो, टाळकरी ती झेलतात, मृदंग भरतो, आणि धृपदावरच दहा मिनिटे जातात. कीर्तनात तर एका अभंगाला दोन तासही पुरत नाहीत. तीन मिनिटांत गायकाने करायचे काय? धृपद दोनदा, निवडक चरणे, शेवटी नाममुद्रेचे चरण, आणि सुई कडेला. मधली चरणे गळत. त्या काळच्या कर्ण्यात मृदंगाचा घुमारा नीट उतरत नसे, म्हणून साथही बेताची. हा गायकाचा दोष म्हणता येणार नाही, यंत्राची मर्यादा ती. मात्र त्या मर्यादेतून निघालेले गाणे घरोघर गेले आणि ऐकणाऱ्याला वाटले की अभंग एवढाच.

पुढे बोलपट आला. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली लागला. विष्णुपंत पागनीस यांनी त्यात तुकोबाराय उभे केले आणि केशवराव भोळे यांनी संगीत दिले. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. लोक वहाणा काढून बसत आणि पडद्याला हात जोडत. त्या चित्रपटात बी आणि झाड यांवरचे एक पद आहे. तुम्हांला ते नक्की ठाऊक असेल, कदाचित तुम्ही भजनात म्हणतही असाल. ते तुकोबांचे नाही. शांताराम आठवले यांनी ते चित्रपटासाठी लिहिले. ते इतके जमून गेले की जाणकारसुद्धा गाथेत त्याचा शोध घेऊ लागले.

काही मंडळी ही गोष्ट सांगताना नाक मुरडतात. मी मुरडत नाही. आपल्या परंपरेत असे आधीही घडले आहे. ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा असलेले सगळे अभंग एकट्या नामदेवरायांचे नाहीत. नंतरच्या विष्णुदास नाम्यासारख्यांच्या रचना त्यांत मिसळल्या आहेत, हे अभ्यासकांनी दाखवले आहे. गाथेचेही तसेच. मुंबई सरकारच्या खर्चाने १८६९ साली तुकोबांच्या गाथेचा पहिला भाग छापला गेला. तेव्हा संपादकांपुढे देहू, तळेगाव, पंढरपूर अशा ठिकाणच्या वेगवेगळ्या वह्या होत्या आणि त्यांत पाठभेद होते. कोणी घरी बसून दोन चरणे जुळवली, ती गावाला आवडली, आणि चार पिढ्यांनी ती संताच्या नावावर जमा झाली. घरचे गाणे असेच वर चढते. आठवल्यांचे पद वीस-पंचवीस वर्षांत चढले, एवढाच फरक. तबकडी आणि बोलपटाने वेग वाढवला.

आता दुसऱ्या बाजूला या. तबकडीच्या आधी हजारो घरांत रोज पहाटे दुसरेच एक चक्र फिरत होते. जाते. त्याला चावी नाही, सुई नाही. बाई दळायला बसली की पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, भावाला, लेकराला. तिच्या विठ्ठलाची रीतही तिचीच. तिथे जनीवरून रुक्मिणी रुसते, विठ्ठल तिची समजूत काढताना दमतो, आणि दोघांचे बोलणे अगदी आपल्या शेजारच्या घरातल्यासारखे चालते. शास्त्रीबुवा याला आधार विचारतील. त्या बायांनी आधार विचारला नाही, त्यांनी संसार केला होता. मी कीर्तनात रुक्मिणीचा रुसवा पुष्कळ रंगवला, पण त्यातली धार जात्यावरच्या बायांकडून आलेली आहे.

या ओव्या कोणी रचल्या? सगळ्यांनी. ओवीला नाममुद्रा नसते. सासरी आलेली मुलगी माहेरची ओवी घेऊन येई, त्यात गावाचे आणि भावाचे नाव बदली, एखादा शब्द आपला घाली, आणि ती ओवी तिची होई. मग डिझेल इंजिनाची पिठाची गिरणी आली. बायांच्या हाताचे घट्टे गेले, ही मोठीच सुटका होती. जात्यावर राबून मनगटे मोडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, तेव्हा ‘जाते परत आणा’ असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण जात्याबरोबर गाण्याची वेळही गेली, हे खरे.

काही भल्या माणसांनी ते वेळेवर ओळखले. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड काढले. पुण्यात हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथलेच झालेले गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांच्या साहाय्याने हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. बर्नार बेल यांनी त्यांतल्या कित्येकींचे आवाज ध्वनिमुद्रित केले. पुढे तो ठेवा पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या संग्रहाने लोकांपुढे मांडला. त्यात पंढरीच्या आणि वारीच्या ओव्या पुष्कळ आहेत. त्याच गळ्याने, त्याच वळणाने बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्याही आहेत. काहींना याचे नवल वाटते. मला वाटत नाही. ज्याने आपल्याला माणूस म्हणून उभे केले त्याचे नाव पहाटे घ्यायचे, हीच ओवीची चाल आहे.

आणि कधी कधी जाते आणि तबकडी यांची गाठही पडली. खानदेशातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. घरात आणि शेतात काम करता करता त्या गाणी रचून म्हणत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्याच एकाने ती उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात ती गाणी वसंत पवार यांच्या संगीतात आली, तबकडीवर गेली, आणि ज्या बायांनी पुस्तक कधी हातात धरले नव्हते त्यांना पाठ झाली. म्हणजे घरचे गाणे बाहेर हिंडून पुन्हा घरी आले. येताना मात्र ठरलेल्या चालीत आले. बहिणाबाई स्वतः ते कोणत्या सुरात म्हणत असतील, ते त्या वहीत उतरलेले नव्हते.

इथे मुद्द्यावर येतो. राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांनी बांधलेल्या, भीमसेनअण्णांनी गायलेल्या अभंगांच्या चाली मी मान डोलवत ऐकल्या आहेत, आजही ऐकतो. लताबाईंनी खळ्यांकडे गायलेले तुकोबांचे अभंग ऐकताना डोळे भरतात. पण त्या चाली आमच्या हयातीत बांधल्या गेल्या. अभंग त्याआधी तीनशे वर्षे आणि त्याहून अधिक काळ म्हटला जात होता. देहूकर, वासकर, शिरवळकर अशा फडांवर चाली तोंडातून कानात आणि कानातून तोंडात आल्या. त्या कागदावर नाहीत. म्हाताऱ्या विणेकऱ्याच्या गळ्यात आहेत. त्याला कोणी रेकॉर्ड वाजवून दाखवली आणि तो गप्प झाला, तर ती चाल त्याच्याबरोबर जाईल. तबकडी ही एका दिवशी, एका खोलीत, एका गायकाने तीन मिनिटांत म्हटलेल्या गाण्याची नोंद आहे. नोंद म्हणून ती मोलाची आहे. तिला न्यायाधीश करू नये.

तेव्हा पुढच्या खेपेस राहुटीत वाद निघाला तर मोबाईल जरूर काढा, पण वाजवण्याआधी म्हातारीचे म्हणणे त्यात घ्या. घेताना काही गोष्टी सांभाळा. तिचे नाव, गाव, माहेर आणि हे कोणाकडून शिकली ते आधी तिच्याच तोंडून वदवून घ्या. तिचा शब्द चुकला असे वाटले तरी मध्ये दुरुस्त करू नका. गाथेत ते चरण निराळे असेल, असू द्या. एकदा म्हणून झाले की दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायला सांगा. दोन्ही वेळा निराळे येईल, दोन्ही ठेवा. आणि ओव्या हव्या असतील तर तिला खुर्चीत बसवून “म्हणा आता” असे म्हणू नका, तिला एकही आठवणार नाही. माळ्यावरचे जाते खाली काढा, पसाभर जोंधळे घ्या आणि खुंट्याला तिचा हात लागू द्या.