साखरेचा हिशेब आणि हैतीची क्रांती

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातील पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. भाषा शक्यतो वक्त्याचीच ठेवली आहे.)



मागच्या व्याख्यानात आपण फ्रान्सपर्यंत येऊन थांबलो होतो. बॅस्तिल पडलं होतं, राष्ट्रीय सभा बसली होती, आणि २६ ऑगस्ट १७८९ रोजी मानवी आणि नागरी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला होता. त्याचं पहिलं कलम आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं. माणसं जन्मतः स्वतंत्र असतात आणि त्यांचे हक्क समान असतात, असं ते सांगतं. शेवटचं, म्हणजे सतरावं कलम फारसं कोणाच्या लक्षात नसतं. ते सांगतं की मालमत्ता हा पवित्र हक्क आहे, आणि ती काढून घ्यायची वेळ आलीच तर आधी योग्य भरपाई दिली पाहिजे.

आता माझा प्रश्न असा आहे. एखादा माणूसच दुसऱ्या माणसाची मालमत्ता असेल, तर त्याला कुठलं कलम लावायचं? पहिलं की सतरावं?

हा प्रश्न मी आज काढलेला नाही. त्या काळात एका बेटावर पाच लाखांच्या जवळपास लोक या प्रश्नाच्या उत्तराची वाट बघत होते. ते बेट म्हणजे आजचं हैती. तेव्हाचं नाव सँ-दोमँग. आजचं व्याख्यान त्याच्यावर.

कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावर कोलंबस १४९२ मध्ये पोहोचला. तिथले मूळचे ताइनो लोक रोगराईने आणि वेठबिगारीने काही दशकांतच जवळजवळ संपले. पुढे १६९७ च्या तहाने बेटाचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा स्पेनकडून फ्रान्सला मिळाला. आकाराने लहान वसाहत. पण १७८० च्या दशकात युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के साखर आणि निम्म्याहून अधिक कॉफी या एका वसाहतीतून येत होती. जगातली सगळ्यात किफायतशीर वसाहत म्हणून तिचं नाव होतं. साखरेच्या बेटांना किती भाव होता बघा. १७६३ च्या तहात फ्रान्सने कॅनडावर पाणी सोडलं, पण ग्वादलूप आणि मार्टिनिक ही दोन छोटी बेटं परत मिळवली.

साखर कशी होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्याकडे उसाचाच पट्टा आहे. ऊस तोडला की थांबता येत नाही. एक-दोन दिवस गेले की रस आंबायला लागतो, उतारा पडतो. म्हणजे तोड, चरक आणि काहिली हे तिन्ही एका लयीत चालावं लागतं. सँ-दोमँगमध्ये हंगामात चरक रात्रीही चालायचे. दिवसभर फडात राबलेली माणसं रात्री पाळीने चरकाशी उभी राहायची. झोपेच्या गुंगीत हात लाटेत सापडला तर तो वेळेत तोडता यावा, म्हणून कॅरिबियनमधल्या घाण्यांजवळ कुऱ्हाड ठेवलेली असे.

आफ्रिकेतून आणलेल्या लोकांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्या काही वर्षांतच मरत. मुलं होऊन, वाढून कामाला लागेपर्यंत थांबण्यापेक्षा नवीन माणूस विकत घेणं मळेवाल्यांना स्वस्त पडायचं. म्हणून १७८० च्या दशकाच्या अखेरीस दर वर्षी तीस हजारांच्या आसपास माणसं जहाजांतून तिथे उतरवली जात होती. १७८९ मध्ये वसाहतीत गुलामांची संख्या साडेचार ते पाच लाख होती. गोरे तीस-चाळीस हजार. आणि साधारण तेवढेच मुक्त कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय लोक. त्यांच्यातले काही जण स्वतःच मळेवाले होते, पण त्यांना नागरी हक्क नव्हते.

इथे एक धागा आपल्याकडचा आहे, तो सांगून पुढे जातो. ही माणसं विकत कशाने घेतली जायची? बंदुका, दारू, लोखंड हे होतंच. पण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोठी मागणी होती ती भारतीय सुती कापडाला. गुजरातचं कापड, कोरोमंडल किनाऱ्यावरचं कापड. शिवाय मालदीवच्या कवड्या, ज्या तिथे चलन म्हणून चालत. फ्रान्समध्ये १६८६ पासून १७५९ पर्यंत भारतीय छापील कापड विकायला बंदी होती, कारण तिथल्या विणकरांचा धंदा बसत होता. पण तेच कापड आफ्रिकेकडे न्यायला मुभा होती. नांत बंदरातून कापड भरून जहाज निघायचं, आफ्रिकेत माणसं भरायचं, ती सँ-दोमँगला विकून साखर भरायचं आणि परत नांतला यायचं. आपल्या विणकराला त्याच्या ठाणाचं पुढे काय होतं याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. व्यापाराची साखळी लांब झाली की असंच होतं. टोकाचा माणूस दिसेनासा होतो.

आता पुन्हा पॅरिसकडे जाऊ. राष्ट्रीय सभेतल्या कित्येक सभासदांची वसाहतींत मालमत्ता होती किंवा तिथल्या व्यापारात पैसा गुंतला होता. मार्च १७९० मध्ये सभेने ठराव केला की वसाहतींतले मळेवाले आणि त्यांची मालमत्ता राष्ट्राच्या खास संरक्षणाखाली राहील. 'गुलाम' हा शब्द वापरला नाही. पण ती मालमत्ता म्हणजे काय, हे सभागृहात सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या कलमावर सतराव्याने मात केली.

मुक्त मिश्रवंशीयांनी आपले हक्क मागितले. त्यांच्यातल्या अनेकांनी १७७९ मध्ये फ्रान्सच्या बाजूने अमेरिकेत, सव्हानाला, लढाई केली होती. त्यांचा एक पुढारी व्हँसाँ ओजे १७९० च्या ऑक्टोबरात उठाव करून उभा राहिला. फेब्रुवारी १७९१ मध्ये त्याला चाकावर बांधून, हाडं मोडून मारलं. लक्षात घ्या, ओजे गुलामगिरी संपवा म्हणत नव्हता. तो फक्त आपल्या वर्गासाठी मतदानाचा हक्क मागत होता. तेवढंसुद्धा सोसवलं नाही.

२२ ऑगस्ट १७९१ ची रात्र. पुण्यात तेव्हा सवाई माधवराव पेशवे होते. सँ-दोमँगच्या उत्तरेकडच्या सपाट प्रदेशात गुलामांनी मळ्यांना आगी लावल्या. उसाचे फड, चरक, काहिलीची घरं, मालकांचे वाडे, सगळं. काही आठवड्यांत शेकडो मळे जळाले. हा दंगा नव्हता. आधी सभा झाल्या होत्या, मळ्यामळ्यांत निरोप गेले होते. बुकमन नावाचा पुढारी पुढे होता. आणि त्यांनी काय जाळलं ते बघा. ज्या यंत्रणेने त्यांना दळलं, तीच जाळली.

त्याचा परिणाम पॅरिसमध्ये कसा दिसला? साखर महागली. जानेवारी १७९२ मध्ये पॅरिसच्या गरिबांनी साखरेच्या दुकानांवर आणि कोठारांवर हल्ले केले. ज्यांनी बॅस्तिल पाडलं त्याच वस्त्यांतले हे लोक. त्यांना मी दोष देत नाही, कॉफीत साखर ही त्यांचीही गरज झाली होती. पण साखर का महागली, याचा विचार फार थोड्यांनी केला.

पुढच्या घटना भराभर सांगतो. फ्रान्सचं इंग्लंड आणि स्पेनशी युद्ध पेटलं. वसाहत हातची जाईल म्हणून फ्रान्सचा कमिशनर सोंतोना याने २९ ऑगस्ट १७९३ रोजी उत्तर भागात गुलामगिरी रद्द केली. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या कन्व्हेन्शनने ती सर्व वसाहतींत रद्द केली. त्या वेळी सभागृहात बेले नावाचा प्रतिनिधी होता. आफ्रिकेत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, सँ-दोमँगमधून निवडून आलेला. पाठ्यपुस्तकं म्हणतात की फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली. मी म्हणेन, जे बेटावर आधीच लढून मिळवलं होतं, त्यावर पॅरिसने शिक्का मारला.

यातून तुसाँ लूव्हर्त्यूर पुढे आला. पूर्वीचा गुलाम, मग सेनापती, मग बेटाचा सर्वेसर्वा. त्याने इंग्रजांना १७९८ मध्ये बाहेर काढलं. १८०१ मध्ये स्वतःची राज्यघटना केली. गुलामगिरी कायमची बंद, असं तीत लिहिलं. पण त्याच तुसाँने लोकांना पुन्हा मळ्यांवर सक्तीने कामाला लावलं. मजुरी मिळायची, पण मळा सोडता येत नव्हता. कारण? बंदुका घ्यायला पैसा हवा, आणि पैसा म्हणजे साखर आणि कॉफी. तुसाँचा हा पेच मला या क्रांतीतला सगळ्यात दुःखाचा भाग वाटतो.

नेपोलियनने आपला मेहुणा लक्लेर्क याला मोठं आरमार देऊन पाठवलं. १८०२ मध्ये तुसाँला बोलणी करायच्या निमित्ताने बोलावून पकडलं, फ्रान्सला नेलं. थंडगार डोंगरी किल्ल्यात तो ७ एप्रिल १८०३ रोजी वारला. पण ग्वादलूपमध्ये गुलामगिरी परत आल्याची बातमी आली आणि बेट पुन्हा पेटलं. पिवळ्या तापाने फ्रेंच सैनिक हजारोंनी मेले, खुद्द लक्लेर्कही गेला. १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हेर्तिएर इथे देसालिनच्या सैन्याने फ्रेंचांचा शेवटचा पराभव केला. आपल्याकडे असईची लढाई होऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झालं. त्यानंतर देसालिनच्या हुकमाने बेटावर उरलेल्या काही हजार फ्रेंच लोकांची कत्तल झाली. तेही सांगितलं पाहिजे, गाळून चालणार नाही.

आता ज्यासाठी मी हा विषय निवडला, त्या भागाकडे येतो.

फ्रान्सने हैतीला मान्यता दिली नाही. अमेरिकेने तर १८६२ पर्यंत दिली नाही. मग १८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने चौदा लढाऊ जहाजं पाठवली आणि कागद पुढे केला. मान्यता देतो, पण १५ कोटी फ्रँक द्यायचे, पाच हप्त्यांत. शिवाय फ्रेंच जहाजांना निम्मी जकात. पैसे कशासाठी? मळेवाल्यांच्या गेलेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून. आणि त्या मालमत्तेत माणसं धरलेली होती. म्हणजे ज्यांनी लढून स्वतःला सोडवलं, त्यांनी स्वतःची किंमत जुन्या मालकाला द्यायची.

रकमेचा अंदाज यावा म्हणून सांगतो. १८०३ मध्ये नेपोलियनने अख्खा लुइझियाना, म्हणजे आजच्या अमेरिकेचा केवढा तरी मोठा भाग, सुमारे ८ कोटी फ्रँकला विकला होता.

अध्यक्ष ब्वाये यांनी कागद स्वीकारला. पहिला हप्ता ३ कोटींचा. तिजोरीत एवढे पैसे नव्हते. मग पॅरिसच्याच सावकारांकडून ३ कोटींचं कर्ज काढलं. सावकारांनी वटाव कापून हातात ठेवले २ कोटी ४० लाख. फेडायचे मात्र ३ कोटी, अधिक व्याज. तूट भरायला खजिन्यातला पैसा बोटीत भरून फ्रान्सला गेला. खंडणी एकाला, आणि ती भरायला काढलेल्या कर्जाचं व्याज दुसऱ्याला, दोघेही पॅरिसमध्ये. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली, पण हप्ते १८८० च्या दशकापर्यंत चालले. ते भरले कोणी? डोंगरउतारावर कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्याने. कॉफीच्या निर्यातीवर कर होता. शाळा, रस्ते, दवाखाने यांना जो पैसा लागला असता, तो पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेला.

आणि हे फक्त फ्रान्सने केलं असं नाही. ब्रिटनने १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करताना २ कोटी पौंडांची भरपाई दिली. कोणाला? मालकांना. राबलेल्यांना एक पेनीही नाही. सतरावं कलम मालकाच्या बाजूने सगळीकडे लागू झालं.

२००३ मध्ये हैतीचे अध्यक्ष आरिस्तीद यांनी हे पैसे परत मागितले, पुढच्याच वर्षी त्यांची सत्ता गेली. १७ एप्रिल २०२५ ला, त्या कागदाला बरोबर दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, फ्रान्सने दोन्ही देशांच्या इतिहासकारांची संयुक्त समिती नेमण्याची घोषणा केली. पैशाबद्दल आश्वासन दिलं नाही.

इथे मी थांबतो. एखादा प्रश्न असेल तर घेऊ.

(श्रोत्यांमधून: सर, एवढं करून हैती गरीबच राहिलं. मग क्रांतीने मिळवलं काय?)

चांगला प्रश्न आहे, आणि बरेच जण तो विचारतात. गरिबीला इतरही कारणं आहेत, तिथल्या राज्यकर्त्यांची लूट हे एक, हे मी नाकारत नाही. पण मिळवलं काय, हे क्यूबाकडे बघून कळतं. सँ-दोमँगची साखर बंद पडली, तेव्हा तो धंदा तिकडे सरकला, आणि क्यूबात गुलामगिरी १८८६ पर्यंत चालली. म्हणजे हैतीच्या माणसाची तीन पिढ्यांची मुलं विक्रीला उभी राहिली नाहीत. हे मिळवलं. जमिनीचा तुकडा घेऊन त्याने ऊस लावायचं नाकारलं, आपल्यापुरतं धान्य, कंद आणि थोडी कॉफी लावली. व्यापाराच्या आकड्यांत ती पिछेहाट दिसते. चरकाशी उभा राहिलेला माणूस तिला पिछेहाट म्हणेल का?

आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. ते योग्यच होतं. पण त्याच साली, ज्यांनी स्वतःला स्वतःच सोडवलं होतं, ते लोक त्याबद्दलचे हप्ते भरत होते. ही दोन वाक्यं आपण शेजारी शेजारी लक्षात ठेवावीत, एवढंच माझं म्हणणं आहे.

पुढच्या वेळी बोलिव्हारकडे जाऊ. तो हरून आला तेव्हा त्याला शस्त्रं आणि आसरा दिला तो हैतीचा अध्यक्ष पेतियाँ याने, आणि बदल्यात मागणी एकच केली, की तुझ्या मुलुखातले गुलाम सोड. तिथून सुरुवात करू.