अनिवार्य अवतरण

हलक्या, बहुधा एकाच एंजिनाच्या विमानाची शक्ती आकाशात असता खुंटली, म्हणजे वैमानिकास विमानतळाची आशा सोडून जवळच्या शेतात, माळावर वा नदीपात्रात ते उतरविणे भाग पडते. त्यास अनिवार्य अवतरण म्हणतात. एंजिन थांबताच विमान कोसळते हा लोकसमज निराधार होय. सेसना 172 जातीचे विमान, ताशी सुमारे 120 किलोमीटर वेग राखल्यास आणि वारा पडलेला असल्यास, 1,000 फूट उंचीवरून अडीच किलोमीटरपर्यंत तरंगत जाऊ शकते. मात्र अंतर वाढविण्याच्या लोभाने नाक वर खेचले, किंवा उड्डाणानंतर अल्प उंचीवरच धावपट्टीकडे परत वळण घेतले, तर पंखांचा आधार तुटतो. बहुतेक प्राणहानी येथेच ओढवते.

कारणे बहुधा क्षुल्लक असतात. इंधन संपणे, टाकीची चावी चुकीच्या बाजूस राहणे, पेट्रोलात पाणी मिसळणे (म्हणूनच उड्डाणापूर्वी टाकीच्या तळाचे इंधन काचनळीत काढून पाहण्याची शिस्त आहे), आणि पावसाळी दमट हवेत, बाहेर पंचवीस अंश तापमान असतानाही, कार्बुरेटरात बर्फ धरणे, ही त्यांतील प्रमुख. प्रत्येक सिलिंडरास दोन प्लग व त्यांना दोन स्वतंत्र मॅग्नेटो देण्याची तजवीज ठिणगीच्या खात्रीसाठीच असते. 1930 साली आगाखान पारितोषिकाच्या स्पर्धेत अस्पी इंजिनिअर हे प्लगांवाचून इजिप्तमधील अबुकीर येथे अडकले असता, प्रतिस्पर्धी जे. आर. डी. टाटा यांनी आपले राखीव प्लग त्यांना दिले. पारितोषिक अस्पींनी जिंकले. भारतीय विमानविद्येच्या इतिहासात याहून उमदा प्रसंग विरळा.

जागेची निवड हा या विद्येचा गाभा आहे आणि ती ऋतूवर अवलंबून असते. उदाहरणार्थ, अकोट तालुक्याची काळी कपाशीची जमीन वरून सपाट व मोकळी दिसते. परंतु श्रावण-भाद्रपदात तिच्यात चाके रुतून विमान नाकावर उलटण्याचा धोका असतो, तर वैशाखात वखरणी न झालेल्या रानातील रुंद भेगा पुढचे चाक मोडू शकतात. संत्र्याच्या बागा, धुऱ्यांवरील बाभळी आणि आयत्या वेळी दिसणाऱ्या विजेच्या तारा टाळून, वाऱ्याच्या तोंडाकडे व शक्यतो नांगराच्या तासांच्या दिशेने उतरणे श्रेयस्कर. उत्तरेस सातपुड्याचे अरण्य असल्याने या टापूत दक्षिणेकडील पूर्णेच्या मैदानाकडे वळण्यातच शहाणपण आहे. तथापि शेतात कोसळूनही जीव वाचू शकतो: इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे 25 जुलै 2022 रोजी प्रशिक्षणाचे सेसना 152 शेतात कोसळले, तरी एकट्याच असलेल्या प्रशिक्षणार्थीस किरकोळ इजेवर निभावले.

असे विमान गावशिवारात उतरल्यास ग्रामस्थांनी विडी-काडी दूर ठेवून आतील माणसे प्रथम बाहेर काढावीत, 112 क्रमांकावर वर्दी द्यावी, आणि पंचनामा होऊन विमान अपघात अन्वेषण विभागाचा तपास होईपर्यंत एकही सुटा भाग जागचा हलवू नये.