ग्लायडर-विद्येचीं अस्सल साधनें

(१) प्राचीन विमानविद्येच्या नांवाखालीं पोथ्या व नकला संग्राहकांपुढें येतात, आणि त्यांची पारख करण्याचा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांवर आला असेल. उलटपक्षीं, याच महाराष्ट्रांत यंत्रावांचून आकाशांत तरंगण्याची विद्या जे खरोखर शिकले व ज्यांनीं ती इतरांस शिकविली, त्यांचे कागद मात्र कोणी मागत नाहीं. हा विपर्यास दाखवावा, व वेळ आहे तों त्या कागदांकडे संशोधकांचें लक्ष वेधावें, इतकाच या टिपणाचा उद्देश आहे.

(२) प्रथम प्रवादाचा निकाल लावूं. शिवकर बापूजी तळपदे यांनीं इ. स. १८९५ त मुंबईस चौपाटीवर वेदोक्त विमान उडविलें अशी आख्यायिका आहे. तळपदे हे संस्कृतज्ञ व प्रयोगशील गृहस्थ होते याविषयीं वाद नाहीं. परंतु त्या उड्डाणास समकालीन विश्वसनीय पुरावा नाहीं. या आख्यायिकेस जोडलें जाणारें ‘वैमानिकशास्त्र’ भरद्वाजांच्या नांवावर मोडतें. वस्तुतः तें सुब्बराय शास्त्री यांनीं १९१८ ते १९२३ या काळांत तोंडानें सांगितलें व दुसऱ्यानें लिहून घेतलें. तत्पूर्वींच तळपदे निवर्तले होते. १९७४ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं ग्रंथ तपासून, त्याची भाषा अर्वाचीन आहे व त्यांत वर्णिलेलीं विमानें उडूं शकणार नाहींत, असा निर्णय दिला. सबब, या ग्रंथाची प्रत कितीहि जीर्ण दिसली तरी ती प्राचीन मानतां येत नाहीं.

(३) आतां खरा वृत्तान्त. नंदुरबार जिल्ह्यांत, सातपुड्यांतील तोरणमाळच्या सुमारें ११५० मीटर उंचीच्या पठाराच्या कड्यावर उभें राहिलें असतां, घार पंख न हालवितां वर चढतांना दिसते. याचीं कारणें दोन. वारा कड्यावर आपटून वर वळतो, हें एक. आणि उन्हानें तापलेल्या जमिनीवरील हवा हलकी होऊन वर उठते, हें दुसरें. या प्रकाराचा बारकाईनें अभ्यास आग्र्यास राहणाऱ्या हँकिन नामक जंतुशास्त्रज्ञानें केला व १९१३ त त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. सकाळीं ऊन चढूं लागलें कीं आधीं हलकी घार तरंगूं लागते, जड गिधाडास मागाहून साधतें, असें त्यानें नमूद केलें आहे.

युरोपांत लिलिएन्थाल याने टेकडीवरून हजारों वेळां झेपा घेतल्या व १८९६ त अशाच झेपेंत पडून तो मेला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानें जर्मनीवर यांत्रिक विमानांविषयीं कडक निर्बंध आले. तेव्हां तेथील तरुण इंजिनावांचून उडूं लागले. १९२० त ऱ्होन डोंगरावर स्पर्धा सुरू झाल्या, व १९२२ त मार्टेन्स यानें तासाहून अधिक वेळ हवेंत काढला.

(४) महाराष्ट्रांत या विद्येचें मुख्य पीठ पुण्याजवळ हडपसर येथें सरकारी ग्लायडिंग केंद्राच्या रूपानें उभें राहिलें. शिकण्याची रीत अशी: विंचच्या तारेनें ग्लायडर पतंगासारखा वर ओढला जातो, कांहींशें मीटर उंची आली कीं शिकाऊ इसम तार सोडतो, व मैदानाभोंवतीं फेरी घेऊन उतरतो. हें सर्व कांहीं मिनिटांचें काम. गुरु शेजारीं किंवा मागें बसलेला असतो. एकट्यानें उडण्याची परवानगी मिळाल्यावर खरी परीक्षा लागते: वर जाणारी हवा हुडकावी, तींतच घिरट्या घालाव्या, आणि परतण्यापुरती उंची राखावी. पांच तास हवेंत राहणें, ५० किलोमीटर अंतर काटणें व १००० मीटर उंची मिळविणें हीं साधलीं म्हणजे आंतरराष्ट्रीय रौप्य बिल्ला मिळतो.

दिल्लीच्या सरकारी तांत्रिक केंद्रांत आंखलेल्या ग्लायडरांस अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा अशीं नांवें मिळालीं. हा नक्षत्रांचा क्रम होय. कार्तिक कृत्तिकेच्या स्थानीं आहे. परंतु या क्रमावरून काल ठरवूं पाहणारा फसेल. अश्विनी १९५८ त उडाली हें खरें, पण क्रमानें चौथी असलेली रोहिणी १९६१ त, आणि तिच्या आधीं गणलेला कार्तिक १९६३ त उडाला. नांवाचा क्रम हा घडण्याचा क्रम नव्हे, हा शकावल्यांच्या अभ्यासकांस परिचित असलेला धडा येथेंहि लागू आहे.

(५) या विद्येचीं अस्सल साधनें दोन. पहिलें, उड्डाणवही: तींत तारीख, ग्लायडरची जात, वर जाण्याची रीत, वेळ व गुरूचा शेरा प्रत्येक उड्डाणास नोंदलेला असतो. पुढें आठवणींतून लिहिलेल्या बखरीपेक्षां त्याच दिवशीं केलेल्या नोंदीस अधिक प्रामाण्य, हें सांगणें नलगे. दुसरें, उंचीमापकाचा आलेख: जुन्या तऱ्हेच्या यंत्रांत काजळी धरलेल्या पत्र्यावर सुई उंचीची रेघ ओढी. बिल्ल्याच्या उड्डाणापूर्वीं पंच त्या यंत्रास मोहोर करी व उतरल्यावर आलेखावर सही करी. सनदेवरील मोर्तबासारखाच हा प्रकार होय. मात्र काजळीवर लाखेचा हात बरा दिलेला नसेल तर बोट लागतांच रेघ पुसते, आणि तिच्याबरोबर पुरावाहि.

(६) म्हणून आमची विनंति अशी. खानदेशांतील वा इतरत्र जे कोणी हडपसरास ही विद्या शिकले असतील, त्यांनीं किंवा त्यांच्या वारसांनीं वह्या रद्दींत घालूं नयेत. संग्राहकांनीं आलेखांचीं छायाचित्रें आधीं घ्यावीं, मूळ कागदास मग हात लावावा, व कागद कोणाकडून, केव्हां, कोणत्या स्थितींत मिळाला हें सोबत लिहून ठेवावें. न उडालेल्या विमानाच्या पोथ्या आपण जपतों. जे खरोखर उडाले त्यांच्या हातची एक ओळहि न राहिली, तर पुढील संशोधकाच्या हातीं केवळ आख्यायिकाच उरेल, आणि तो दोष काळाचा नसून आमचा ठरेल.