भरवशाची फळबाग

शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये बस अडकली की मी मोबाईलवरच्या नोट्स उघडतो. मागच्या वर्षी तिथे फक्त आकडे होते: घराचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, आईची औषधं. नोकरी जाऊन सहा आठवडे झाले होते आणि घरी मी सांगितलं नव्हतं. रोज लॅपटॉपची बॅग घेऊन निघायचो. नगरहून आजीचा फोन यायचा, "देव चांगला आहे रे, पुरवतो." मी "हो आजी" म्हणायचो आणि मनात चिडायचो. हप्ता काही देवाला विचारून कापला जात नाही.

आजीच्या घरी पंडिता रमाबाईंचा फोटो आहे. लहानपणापासून बघत आलो, पण त्यांचं आयुष्य नीट वाचलं ते त्या रिकाम्या दिवसांत.

वाटलं होतं, भरवसा ठेवणाऱ्या माणसाने फार काही सोसलेलं नसावं. पण रमाबाई सोळा वर्षांच्या असताना, 1874च्या सुमारास, दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. पुराणं सांगत गावोगाव फिरणारं हे कुटुंब अन्नाला महाग झालं होतं. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. कडेवर तान्ही मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'देव पुरवतो' हे वाक्य उच्चारणाऱ्या बाईला भूक म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी खर्चाची हमी दिली होती, पण दहाच वर्षांची. पुढे काय? रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली, म्हणजे मदत थांबेपर्यंत बागेचं उत्पन्न सुरू होईल. इथे मी थबकलो. प्रार्थना करणारी ही बाई पुढच्या वर्षांचा हिशेबही मांडत होती!

मग 1896-97चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींच्या बातम्या येत होत्या. हातात पैसा नव्हता, पुण्यात जागा नव्हती. तरी त्या गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायका घेऊन आल्या. तेव्हाच प्लेगचे निर्बंध आले आणि एवढ्यांना पुण्यात ठेवता येईना. राहायला उरली ती केडगावची जमीन. उत्पन्नासाठी घेतलेल्या त्या शेतात तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच पुढे मुक्ती सदन झालं.

ब्रिस्टलमध्ये जॉर्ज म्युलर कुणापुढे हात न पसरता, प्रार्थनेवर भिस्त ठेवून अनाथाश्रम चालवत. त्यांचं चरित्र वाचून रमाबाईंना प्रश्न पडला होता, की हे आपल्या देशात जमेल का? मुक्तीत उत्तर रोज मिळत होतं, पण आयतं नाही. तिथे प्रार्थना होती तशी शेती होती, हातमाग होते, तेलघाणा होता, छापखाना होता. हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी साध्या मराठीत केलेलं बायबल तिथल्याच बायकांनी छापलं. 1921 मध्ये मनोरमा गेली. लेकीच्या मागे काही महिनेच उरले होते, त्यातही त्या बायबलची मुद्रितं तपासत होत्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या.

देवाने रमाबाईंचं दुःख टाळलं, असं मला म्हणता येत नाही. पण जो चांगुलपणा त्यांना दिसला, तो त्यांनी वाटून टाकला. एकेकाळी उपाशी राहिलेल्या मुलीच्या आवारात शेकडो मुली पोटभर जेवल्या. भरवसा म्हणजे डोळे मिटणं, असं मी समजत होतो. त्यांनी तर हिशेब उघडा ठेवून भरवसा ठेवला.

त्या संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. बँकेत जाऊन हप्त्याची मुदत वाढवून मागायचं ठरवलं. मग आजीला फोन लावला. वाटलं, आता ती रडेल, नाहीतर वचन वाचेल. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"प्रार्थना मी करते," ती म्हणाली. "तू सांग, उद्या अर्ज कुठे देणार?"