जिंतूरचे डोंगररस्ते

आपल्या जिल्ह्यात डोंगर आहेत हे पुण्यात कोणाला सांगितले तर पटत नाही. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ एवढी एकच ओळख त्यांच्याकडे असते. त्यापुढे काळी जमीन, कापूस आणि ऊन. जिंतूरच्या शाळेत शिकलेल्यांना मात्र हे वेगळे सांगावे लागत नाही. भूगोलाच्या बाईंनी आपल्याला जिल्ह्याचा नकाशा भरायला लावला होता. मधला गोदाकाठचा सपाट भाग हिरवा, दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाट तपकिरी आणि उत्तरेला आपल्याकडे अजिंठ्याची रांग तपकिरी. त्या तपकिरी पट्ट्यातल्या रस्त्यांबद्दल मला या स्मरणिकेत लिहायचे आहे.

कारण साधे आहे. गेली काही वर्षे मी सायकल चालवते. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या माणसांना चाळिशीत जे छंद लागतात त्यातला हा एक. पुण्यात शांत रस्ता हवा असेल तर पहाटे साडेचारला उठून शहराबाहेर जावे लागते, आणि तरी मागून डंपर येतोच. माहेरी आले की सायकल सोबत आणते. जिंतूरहून येलदरीकडे निघाले, की एखादी जीप, दोन-तीन दुचाक्या आणि शेरडांचा कळप, एवढीच वाहतूक! माझ्यासोबत एकदा ऑफिसातली एक मैत्रीण आली होती. तिने विचारले, “इतका छान रस्ता आणि इतका रिकामा कसा?” मी तेव्हा काहीतरी उत्तर दिले, पण प्रश्न डोक्यात राहिला. मग वाचत गेले, घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारत गेले. जे कळले ते असे.

पहिले उत्तर सरहद्दीचे आहे. आज येलदरीवरून पूर्णा ओलांडून सेनगाव आणि पुढे रिसोडला जाताना आपण परभणीतून हिंगोलीत आणि हिंगोलीतून वाशिममध्ये जातो. पाटी वाचली नाही तर समजतही नाही. पण 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले आणि 1902 च्या करारात ते कायमचे गेले. तेव्हापासून रिसोड इंग्रजी अमलात आणि सेनगाव, जिंतूर निजामी अमलात. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार रुपया. इकडचे टपाल वेगळे, आणि सरहद्दीवर माल नेताना करोडगिरी, म्हणजे जकात. दोन राज्यांच्या कडेला, डोंगराळ मुलुखात, कोणते सरकार हौसेने रस्ता बांधील? पायवाटा आणि बैलवाटा होत्या, त्यांवरून सोयरिकी चालायच्या. मुक्तिसंग्रामात याच सरहद्दीपलीकडे, वऱ्हाडात, कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली, 1956 मध्ये मराठवाडा आणि वऱ्हाड एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि ही सरहद्द मिटली. पण सरहद्द मिटली म्हणून रस्ता आपोआप तयार होत नाही.

दुसरे उत्तर रेल्वेचे. 1900 च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज लाइन मनमाडपर्यंत जोडली गेली. ती गोदावरीच्या सपाट खोऱ्यातून गेली: पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू. जिनिंग, अडत, मोंढे सगळे त्या लाइनच्या कडेने वाढले. जिंतूर डोंगराच्या पायथ्याशी, लाइनपासून दूर राहिले. सेलूच्या बाजारपेठेचा दिमाख आणि आपल्या गावाचा निवांतपणा यातला फरक लहानपणी आपण चेष्टेत घ्यायचो. त्यामागे लोखंडाचे दोन रूळ आहेत.

आपले गाव पूर्वी असे आडबाजूला नव्हते. नेमगिरीची लेणी गावापासून तीनेक किलोमीटरवर आहेत आणि आपण सगळे तिथे सहलीला गेलो आहोत. एका लहानशा दगडावर टेकलेली ती पार्श्वनाथांची प्रचंड मूर्ती पाहून “ही पडत कशी नाही?” हे प्रत्येक तुकडीने विचारले असेल. जालना रस्त्यावरच्या चारठाण्याला यादवकालीन देवळे आणि बारवा आहेत. असे काम रिकाम्या माळावर कोणी करत नाही. म्हणजे माणसांचा आणि पैशाचा राबता इथे एके काळी होता. चारठाण्याला सायकलवर जरूर जा, पण तो रस्ता मोठा आहे आणि ट्रक फार. बारव बघायची, चहा घ्यायचा आणि परत.

तिसरे उत्तर धरणाचे. येलदरीचे धरण 1968 मध्ये पूर्ण झाले. चार किलोमीटरपेक्षा जास्त लांबीची भिंत, पन्नासेक मीटर उंची आणि पायथ्याला साडेबावीस मेगावॅटचे वीजघर. वीजघरातून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वरच्या धरणात अडवतात आणि तिथून कालवे निघतात. म्हणून पाणी जिंतूर तालुक्यात साठते आणि उसाचे मळे मात्र खाली वसमतकडे दिसतात. आपल्याकडच्या पिढ्यांनी हे बोलून दाखवले आहे. मी इंजिनियर आहे, उताराला पाणी जाणार हे मला कळते. पण ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांना हे उत्तर द्यायला माझी जीभ रेटत नाही. आता परभणी शहरही येलदरीचेच पाणी पिते.

पण या डोंगरातल्या आडगावांचे रस्ते फक्त धरणामुळे झाले नाहीत. यातला पुष्कळ भाग बहात्तरच्या दुष्काळाने केला.

हे मी आजीकडून ऐकले. 1972 साली पाऊस गेला, विहिरी आटल्या, जनावरे विकली. तेव्हा सरकारने जागोजाग दुष्काळी कामे काढली: पाझर तलाव, नाला बंडिंग आणि रस्ते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर पोहोचली ती याच काळात, पुढे 1977 मध्ये तिचा कायदा झाला. आजी सांगायची की सकाळी भाकरी बांधून डोंगरात कामावर जायचे, पुरुषांनी मुरूम खणायचा, बायांनी टोपल्या वाहायच्या आणि खडी फोडायची. मांडीखाली गोणपाट, हातात छोटी हातोडी, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. खडीचा ढीग मापात भरला नाही तर मुकादम हजेरी मांडायचा नाही. खायला लाल मिलो ज्वारी, लेकरांना सुकडी. मिलोची भाकर थापताना तुटायची, याचा राग तिला मरेपर्यंत होता. दुष्काळाचा तेवढा नव्हता.

येलदरीच्या वाटेवर एका चढाला आम्ही गाडी थांबवली होती, तेव्हा तिने काठीने दाखवले होते, “इथपत्तूर आमच्या टोळीनं केला.” पुढचा तुकडा दुसऱ्या गावच्या टोळीचा. आज त्या चढावर सायकलचा गिअर खाली घेताना मला हे आठवतेच. वर नंतर कितीदा डांबर पडले असेल, पण खालचे सोलिंग अजून तेच असणार. त्या बायांची नावे मस्टरवर होती, अंगठ्यासमोर. ते मस्टर आज कोणत्या कचेरीच्या माळ्यावर असतील किंवा नसतीलही.

आता थोडे जंगलाबद्दल, कारण पुण्याची मैत्रीण ‘जंगल’ म्हणाली तेव्हा मला हसू आले. राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत आपला जिल्हा मोडतो आणि जे आहे त्यातले बरेच या जिंतूरच्या डोंगरात आहे. साग आहे, पण कोकणातल्यासारखा नाही, हडकुळा. पळस, धावडा, बोर, बाभूळ, हिवर, वनखात्याने लावलेले गिरीपुष्प आणि दगडांच्या फटीतून उगवलेली सीताफळे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, दसरा-दिवाळीला सीताफळे येतात आणि श्रावणात सगळा डोंगर पोपटी होतो. सायकलसाठी माझ्या मते ऑगस्टची अखेर ते डिसेंबर एवढाच काळ खरा. एप्रिलमध्ये सकाळी आठनंतर रस्त्यावर जाऊ नये. रोही अचानक आडवे येतात, उतारावर वेग आवरा. दक्षिणेकडे गंगाखेडहून राणीसावरगावचा बालाघाटातला रस्ताही असाच आहे. जनाबाईंचे गाव बघून पुढे जाता येते. तिथे मी एकदाच गेले आहे.

सायकल आपल्याला छंद म्हणून फार उशिरा भेटली. आपण दहावी झालो त्या 1996 साली वर्गातल्या किती मुलींकडे सायकल होती? मला चार आठवतात, त्यात भावाची जुनी, नळीखालून पाय घालून कैचीने शिकलेली, धरू नका. डोंगरातल्या गावांच्या मुली एसटीने यायच्या. सातवीपर्यंत गावची शाळा, आठवीपासून जिंतूर. दुपारची गाडी चुकली तर मुक्कामी गाडीशिवाय पर्याय नाही, आणि अंधारात मुलगी उतरणार म्हटल्यावर घरचे काय म्हणणार ते आपल्याला ठाऊक आहे. माझ्या शेजारी बसणारी, गणितात माझ्यापेक्षा हुशार मुलगी नववीच्या दिवाळीनंतर आली नाही. तिचे गाव शाळेपासून फक्त नऊ किलोमीटरवर होते. परवा मी ते अंतर अर्ध्या तासात कापले, आणि उतरल्यावर बराच वेळ मला पाणी प्यायची इच्छा झाली नाही.

2011 नंतर मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली आणि लांबच्या गावांसाठी मुलींच्या निळ्या बसगाड्या मिळू लागल्या. आता सकाळी दहाला त्या रस्त्यावर गणवेशातल्या मुलींची रांग भेटते, दोन वेण्या, कॅरिअरवर दप्तर, कधी डबलसीट. माझ्या हेल्मेटकडे बघून त्या खुदखुदतात. एकीने विचारले, “काकू, ही सायकल केवढ्याला?” मी खरी किंमत सांगितली नाही.

हा रिकामेपणा आता फार दिवस टिकेल असे वाटत नाही. जालना-नांदेड द्रुतगती महामार्गासाठी जिल्ह्यात जमिनी घेतल्या जात आहेत, आणि मोठा रस्ता आला की त्याला जोडणारे लहान रस्तेही रुंद होतात. व्हायलाही हवेत. आजारी माणसाला परभणी गाठायची असते, तेव्हा सायकलवाल्यांच्या शांततेला कोण विचारतो? पण रुंदीकरणात जुने सोलिंग उखडले जाते, कडेची झाडे जातात आणि मैलाचे दगडही जातात.

म्हणून एक विनंती आहे. स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आपण काही जण शाळेच्या फाटकापासून येलदरीला निघणार आहोत, साधारण पंधरा किलोमीटर. गिअरची सायकल लागत नाही, भाचीची निळी-गुलाबी असली तरी चालेल. गुरुजनांसाठी मागून गाडी आहे. येताना घरात विचारून या: आई, आजी, मावशी, चुलती, बहात्तरला कोण कोणत्या कामावर होते, टोळी कोणत्या गावची, कोणता तुकडा. मी एक वही घेऊन येते आहे. पहिल्या पानावर आजीचे नाव आणि तो चढ लिहून ठेवला आहे, खालची पाने कोरी आहेत.