माईक कुणाचा, जागा कुणाची? कॉफी हाऊसमधल्या विनोदाची गोष्ट

(ज्यांना भाग ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय तसा साधा वाटेल. आपल्या जवळच्या एखाद्या कॅफेत आठवड्यातल्या एखाद्या रिकाम्या संध्याकाळी 'ओपन माईक' असतं. दारात एक यादी असते, तिच्यात नाव लिहायचं, नंबर आला की उभं राहायचं, चार-पाच मिनिटं बोलायचं. एक मिनिट उरलं की मागून कुणीतरी मोबाईलचा टॉर्च दाखवतो. शेवटचा विनोद रंगात आलेला असतो आणि नेमकं तेव्हाच कॉफीचं मशीन फुस्स करून वाफ सोडतं. पंचलाईन गेली वाफेत!

आता प्रश्न असा, की हे सगळं कॉफीच्याच दुकानात का होतं? नाट्यगृहं आहेत, सभागृहं आहेत. मग अनोळखी लोकांना हसवण्याचा सराव कॅफेतच का करायचा? आणि दुसरा प्रश्न, जो सहसा कुणी विचारत नाही: विनोदावरून भांडण पेटलं की माईकवाला तर सापडतोच, पण ज्यानं जागा दिली त्याचं काय होतं? आज आपण या दुसऱ्या माणसाच्या मागावर जाणार आहोत.

कॉफी आणि सरकार, जुनं वैर

कॉफीच्या दुकानाला राज्यकर्ते फार आधीपासून वचकून आहेत. तुर्कस्तानात कॉफीखान्यांमध्ये 'मद्दाह' नावाचे कथेकरी असत. एकटा माणूस, हातात काठी, खांद्यावर रुमाल, आणि तोच सगळ्या पात्रांचे आवाज काढून लोकांना हसवणार. आपल्याकडच्या एकपात्रीचा हा लांबचा भाऊच म्हणा. १६३३ मध्ये सुलतान चौथा मुराद यानं इस्तंबूलचे कॉफीखाने बंद करायला लावले. लोक एकत्र बसतात, बोलतात, हे त्याला नको होतं.

लंडनमध्येही तेच. राजा दुसरा चार्ल्स यानं २९ डिसेंबर १६७५ ला फर्मान काढलं, की १० जानेवारीपासून देशातली कॉफी हाऊसं बंद. कारण काय, तर तिथं बसून लोक सरकारबद्दल वाट्टेल ते बोलतात. पण इतका ओरडा झाला की ८ जानेवारीलाच, म्हणजे अंमल सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, राजाला माघार घ्यावी लागली. यात एक गोष्ट लक्षात ठेवा. राजानं बोलणाऱ्यांना पकडा असं म्हटलं नव्हतं. त्यानं दुकानदारांचे परवाने काढून घेतले होते. बोलणारे शेकडो असतात, दुकानं मोजकी. दाब द्यायचा तर दुकानावर द्यायचा. हे सूत्र पुढं पुन्हा पुन्हा दिसेल.

मॅकडूगल स्ट्रीटचं तळघर

आता एकदम तीनशे वर्षं पुढं येऊ. न्यूयॉर्क, ग्रिनिच व्हिलेज, मॅकडूगल स्ट्रीट. हा रस्ता म्हणजे आपल्या विषयाची पंढरीच. ११६ नंबरला 'गॅसलाइट कॅफे', १९५८ मध्ये सुरू झालेला. समोर ११५ नंबरला 'कॅफे व्हा?', मॅनी रॉथ नावाच्या माणसानं १९५९ मध्ये उघडलेला. दोन्ही तळघरात. गॅसलाइटमध्ये टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवत, कारण टाळ्यांचा आवाज वरच्या भाडेकरूंच्या घरात घुमायचा आणि तक्रारी यायच्या, असं सांगतात.

तिथं कवी यायचे, गिटारवाले यायचे आणि मधल्या वेळात विनोद करणारेही यायचे. बॉब डिलन जानेवारी १९६१ मध्ये न्यूयॉर्कला आला तो थेट 'कॅफे व्हा?'मध्ये जाऊन गायला. रिचर्ड प्रायर १९६३ मध्ये न्यूयॉर्कला आला, त्यानंही तिथं हात साफ केला. वुडी ॲलन जवळच्याच ब्लीकर स्ट्रीटवरच्या 'बिटर एंड'मध्ये उभा राहायचा.

पण दारूच्या क्लबात न जाता ही मंडळी कॉफीच्या तळघरात का जायची? एक कारण उघड आहे: नवख्याला क्लबात कोण विचारतो? दुसरं कारण कायद्यात होतं. न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून १९६७ पर्यंत 'कॅबरे कार्ड' नावाचा प्रकार होता. दारू मिळते अशा ठिकाणी गायचं, वाजवायचं किंवा विनोद सांगायचा, तर पोलिसांकडून कार्ड घ्यायचं. त्यासाठी बोटांचे ठसे द्यायचे. पूर्वी कधी अटक झालेली असेल, तर कार्ड नाकारलं जायचं किंवा काढून घेतलं जायचं. बिली हॉलिडेसारख्या गायिकेचं कार्ड गेलं. थेलोनियस मंकसारख्या पियानोवादकाला १९५१ नंतर सहा वर्षं शहरातल्या क्लबांत वाजवता आलं नाही. लॉर्ड बकली नावाचा विनोदवीर होता, त्याचं कार्ड ऑक्टोबर १९६० मध्ये पोलिसांनी काढून घेतलं आणि पुढच्याच महिन्यात तो वारला.

थोडक्यात, पोट भरायचं तर पोलिसांची मर्जी हवी. कॉफीच्या दुकानात दारू नाही, म्हणून तिथं ही कटकट कमी होती. आता पगाराचं म्हणाल, तर पगार नव्हताच. या जागांना 'बास्केट हाऊस' म्हणत. कार्यक्रम झाला की टोपली फिरवायची, लोक जे टाकतील ते आपलं. म्हणजे तमाशात दौलतजादा, कीर्तनात आरतीचं ताट आणि इथं टोपली. जात्या माणसाच्या खिशातलं सुटं नाणं काढायचं कसब सगळीकडे लागतंच.

इन्स्पेक्टरनं सांगितलेले विनोद

आता मुख्य गोष्ट. १९६४, ब्लीकर स्ट्रीट, 'कॅफे ओ गो गो'. मालक हॉवर्ड सोलोमन. नुकताच उघडलेला कॅफे. दारू नाही. आणि कार्यक्रम कुणाचा, तर लेनी ब्रूसचा.

लेनी ब्रूस तेव्हा चांगलाच गाजलेला होता. १९६१ मध्ये बर्फाच्या वादळात, मध्यरात्री त्यानं कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम केला होता. धर्म, लैंगिकता, वंशभेद, कशालाच तो सोडायचा नाही. जी शिवी घरात चालते ती मंचावर का चालत नाही, असं तो विचारायचा आणि विचारताना ती शिवी देऊनही टाकायचा. त्यापायी इतर शहरांत त्याला आधी अटकही झाली होती.

मार्चच्या शेवटी प्रेक्षकांत परवाना खात्याचा एक इन्स्पेक्टर येऊन बसला. हर्बर्ट रूही त्याचं नाव. त्यानं वहीत टिपणं काढली. दुसऱ्या दिवशी साध्या वेशातले पोलीस लपवलेला रेकॉर्डर घेऊन आले. ३ एप्रिलला रात्री कार्यक्रमाआधीच ब्रूसला अटक झाली. आणि त्याच्याबरोबर कुणाला? हॉवर्ड सोलोमनला. त्यानं एकही विनोद सांगितला नव्हता. त्यानं फक्त जागा दिली होती. चार दिवसांनी पुन्हा धाड पडली, तेव्हा सोलोमनच्या बायकोलाही नेलं.

खटला चालला तीन न्यायाधीशांपुढे. वुडी ॲलन, बॉब डिलन, जेम्स बाल्डविन, ॲलन गिन्सबर्ग अशा अनेकांनी ब्रूसच्या बाजूनं पत्रकावर सह्या केल्या. पण कोर्टात सगळ्यात विलक्षण प्रकार घडला तो साक्षीच्या वेळी. इन्स्पेक्टर रूही उभा राहिला आणि त्यानं वहीतून ब्रूसचे विनोद वाचून दाखवायला सुरुवात केली. रुक्ष आवाज, ना टायमिंग, ना मधला थांबा. ब्रूसचं म्हणणं असं होतं, की हा माणूस माझा कार्यक्रम वाईट करतोय आणि शिक्षा मात्र मला होणार!

हसू येतं, पण यात मोठी गोम आहे. तुम्ही आत्ता हे शब्दांकन वाचताय, म्हणून तुम्हाला ती चटकन कळेल. बोललेला विनोद कागदावर आला की त्याचं अर्धं अंग गळून पडतं. आवाजाचा चढउतार, डोळा मिचकावणं, 'हे मी म्हणत नाहीये, ते पात्र म्हणतंय' ही खूण, यातलं काहीच वहीत उतरत नाही. उरतात सुटे शब्द. आणि सुट्या शब्दांवर गुन्हा नोंदवणं फार सोपं असतं.

४ नोव्हेंबर १९६४ ला निकाल लागला, दोन विरुद्ध एक मतानं दोषी. डिसेंबरमध्ये ब्रूसला चार महिन्यांची शिक्षा झाली. अपील पूर्ण व्हायच्या आतच, ३ ऑगस्ट १९६६ ला, अमली पदार्थाच्या अतिमात्रेनं तो गेला. वय ४०. शेवटच्या काळात त्याच्या कार्यक्रमात विनोद कमी आणि कोर्टाच्या कागदांचं वाचन जास्त असायचं. सोलोमनची शिक्षा १९६८ मध्ये वरच्या कोर्टानं रद्द केली. ब्रूसचा गुन्हा मात्र कागदावर तसाच राहिला. २३ डिसेंबर २००३ ला न्यूयॉर्कच्या गव्हर्नरनी त्याला माफी दिली. मरणोत्तर माफीची त्या राज्यातली ती पहिलीच वेळ. तोवर ३७ वर्षं उलटून गेली होती.

विटांची भिंत आणि फुकटची मजुरी

स्टँडअप म्हटलं की मागं उघड्या विटांची भिंत असते ना? त्या भिंतीची एक गोष्टही कॉफीच्या दुकानातलीच आहे. १९६३ मध्ये बड फ्रीडमननं ४४व्या रस्त्यावर 'इम्प्रोव्हायझेशन' नावाचं कॉफी हाऊस काढलं. नाटकवाल्यांनी प्रयोग संपल्यावर येऊन बसावं, इतकाच बेत. भिंतीवरचं आवरण काढलं तर आत विटा निघाल्या, आणि त्या झाकायच्या राहिल्या त्या राहिल्याच. हेच दुकान पुढं 'द इम्प्रोव्ह' म्हणून गाजलं.

पण कॉफीच्या दुकानातून क्लब झाले, गिऱ्हाईक तिकीट काढून येऊ लागलं, तरी टोपलीच्या काळातली एक सवय सुटली नाही: विनोद सांगणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत. 'तुला सरावाची संधी देतोय, हेच पुष्कळ.' घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या! अखेर १९७९ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'कॉमेडी स्टोअर'मध्ये विनोदवीरांनी संप केला. जे लेनो, डेव्हिड लेटरमन असे पुढं टीव्हीवर गाजलेले लोक त्यात होते. काही आठवडे चाललेल्या संपातून मिळालं काय, तर एका कार्यक्रमाला २५ डॉलर. रक्कम चिल्लर होती, पण विनोद सांगणं हे काम आहे, एवढं मान्य झालं.

आपल्याकडे

मराठी माणसाला एकट्यानं उभं राहून हसवणं नवं नाही. तमाशातला सोंगाड्या बतावणीत ऐनवेळी सुचेल ते बोलायचा आणि गावच्या पाटलालाही चिमटा काढायचा. ग्रिनिच व्हिलेजमध्ये हे सगळं चालू होतं, त्याच दशकात पु. ल. देशपांडे 'बटाट्याची चाळ' एकट्यानं रंगवत होते. लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये ५२ पात्रं उभी केली. पण फरक बघा. ही माणसं तयार प्रयोग घेऊन, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर उभी राहत. आणि नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे जायची. कॅफेतल्या पाच मिनिटांना संहिताच नसते. तिथं माणूस अर्धा कच्चा विनोद घेऊन येतो, तो पडतो, पुढच्या आठवड्यात तो दुरुस्त करून पुन्हा येतो. चुकायला परवानगी असलेली जागा, ही त्या कॅफेची खरी किंमत.

म्हणूनच ती जागा नाजूकही असते. १ जानेवारी २०२१ ला इंदूरच्या एका कॅफेत मुनव्वर फारुकी या कॉमेडियनला अटक झाली. त्याच्याबरोबर इतरांनाही पकडलं. सर्वोच्च न्यायालयानं ५ फेब्रुवारीला जामीन दिला, तोवर महिन्याहून जास्त दिवस तुरुंगात गेले. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या 'हॅबिटॅट'मध्ये तोडफोड झाली, कारण तिथं चित्रित झालेला एका कॉमेडियनचा व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे लोक हातोडे घेऊन आले. त्या विनोदाबद्दल तुमचं मत काहीही असो, व्हिडिओ इंटरनेटवर राहिला आणि जागेला टाळं लावायची वेळ आली. याच माईकवर कित्येक नवखी पोरं आपला पहिला पडलेला विनोद सांगून गेली होती. दुसऱ्या चार्ल्सचं सूत्र साडेतीनशे वर्षांनीही चालतंय, बघा.

इतिहासात लेनी ब्रूसचं नाव राहतं आणि राहायलाच हवं. पण हॉवर्ड सोलोमन नसता, तर ब्रूस त्या रात्री उभा कुठं राहिला असता? गल्ल्यावर बसलेला माणूस 'मंगळवारी तसंही गिऱ्हाईक नसतं, करा काय करायचं ते' म्हणतो, तेव्हा तो दुकानाचा परवानाही थोडा पणाला लावत असतो.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी अशा कार्यक्रमाला गेलात तर दोन गोष्टी करा. विनोद पडला तरी मोबाईलवर शूटिंग करून तेवढाच तुकडा पसरवू नका, कारण ती इन्स्पेक्टरची वहीच झाली. आणि एक कॉफी विकत घेऊन प्या. पाण्यावर तीन तास बसू नका. जागा टिकली तर माईक टिकेल.

भेटू पुढच्या भागात. तोवर हसत राहा.